प्रतिकारशक्तीतली ‘शक्ती’

वहिनीने गोळ्या बंद केल्याचं आम्हाला तब्बल दोन महिन्यांनी कळलं, आणि तेही तिच्या पायांवरच्या सुजेमुळे. सोयाबीन काढणीचे दिवस होते. ती खळ्यावरून आली, ओसरीवर टेकली आणि पायातली जोडवी निघेनात म्हणून तिने साबण मागितला. घोट्याजवळ बोट दाबलं की खड्डा पडत होता आणि तो लवकर भरून येत नव्हता. चेहऱ्यावरची फुगवट आम्ही सगळ्यांनी पाहिली होती, पण ‘जाडी झाली’ म्हणून सोडून दिली होती.

आजार जुनाच होता, ल्युपस. निदान होऊन तीन वर्षं झाली होती. जऊळक्याहून गाडीने शहर गाठायचं, दिवस मोडायचा, रात्री परत यायचं, असा क्रम लागला होता. गोळ्या चालू होत्या आणि त्यांनी बरंही वाटत होतं. मग बंद का केल्या, असं मी विचारलं तेव्हा तिने फाइलीतला एक छापील कागद काढून माझ्यापुढे धरला. रुग्णांसाठी मराठीत काढलेलं माहितीपत्रक होतं ते. त्यातल्या एका ओळीखाली तिने पोराच्या पेन्सिलीने रेघ मारली होती. ही औषधं शरीराची प्रतिकारशक्ती कमी करतात, असा त्या ओळीचा आशय.

“भाऊजी, आंगात पयलेच शक्ती नाही माह्या,” ती म्हणाली, “अन् ह्या गोया शक्ती कमी कराच्या. काऊन खाव मी?”

मी आयुष्यभर मराठी शिकवली. त्या ओळीत मला व्याकरणाची चूक सापडेना. परिभाषेचीही नाही. कोणत्याही कोशाने ती मान्य केली असती. आणि वहिनीचं अनुमानही त्या ओळीतून सरळ निघत होतं. तिने काहीही चुकीचं वाचलं नव्हतं. चूक असलीच तर ती शब्दाच्या पोटात होती, आणि तिची किंमत मूत्रपिंडाने मोजली होती. हा लेख त्या शब्दाची तपासणी आहे. मी वैद्यकाचा माणूस नाही. गेली काही वर्षं ह्या विषयावर जे जमेल ते वाचत आलो, डॉक्टर मित्रांना छळत आलो. पण शब्द तपासणं हे माझंच काम आहे, आणि ते डॉक्टरांवर सोडून आपण साहित्यवाले बरीच वर्षं मोकळे राहिलो, अशी माझी तक्रार आहे.

‘रोगप्रतिकारशक्ती’ ह्या शब्दात इंग्रजी ‘इम्युनिटी’मध्ये नसलेलं एक पद आपण स्वतःहून घातलं आहे. ‘इम्युनिटी’चं मूळ लॅटिनमध्ये आहे आणि तिथे त्याचा अर्थ करातून किंवा सरकारी चाकरीतून मिळालेली सूट असा होता. मोकळीक म्हणा. त्यात बळाचा संबंध नाही. आपण मात्र त्याला शक्ती केलं. एकदा शक्ती म्हटलं की मराठी मन तिच्याशी कसं वागतं ते ठरलेलं आहे. शक्ती येते, जाते, कमी होते, भरून निघते. ती तुपाने, डिंकाच्या लाडवाने वाढते आणि बाळंतपणाने, उपासाने घटते. ती कधी जास्त झाली म्हणून कोणी वैद्याकडे गेल्याचं ऐकिवात नाही. शक्तीचा हिशेब एकाच दिशेने चालतो: जितकी जास्त तितकं बरं.

२०२० साल आठवून पाहा. गावागावांत काढे उकळत होते, प्रतिकारशक्ती ‘वाढवण्यासाठी’. त्याच मार्चमध्ये हायड्रॉक्सीक्लोरोक्विन ही गोळी करोनावर चालेल अशा समजुतीने लोक दुकानांवर तुटून पडले, इतके की सरकारला तिच्या विक्रीवर बंधन घालावं लागलं. ही गोळी ल्युपसच्या रुग्णांना वर्षानुवर्षं दिली जाते, आणि ती कशासाठी, तर भडकलेली प्रतिकारयंत्रणा शमवण्यासाठी. म्हणजे एका हातात वाढवायचा काढा आणि दुसऱ्या हातात शमवायची गोळी, आणि दोन्हींना नाव एकच. यात विसंगती आहे असं त्या वेळी कोणाला वाटलंही नाही, कारण भाषेत विसंगती दिसण्याची सोयच नव्हती. वहिनीला तेव्हा पाच आठवडे ती गोळी मिळाली नाही.

शक्तीच्या शेजारी आपण दुसरी प्रतिमा उभी केली, ती लढाईची. पांढऱ्या पेशी म्हणजे सैनिक, ताप म्हणजे रणभूमी. ही प्रतिमा आपल्या पदरची नव्हे. १८८२ मध्ये सिसिलीतल्या मेसिना गावी इल्या मेचनिकॉव्ह यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीला काटे टोचले आणि दुसऱ्या दिवशी काट्याभोवती फिरत्या पेशी गोळा झालेल्या पाहिल्या. त्या क्षणापासून शरीराच्या रक्षणाची गोष्ट चढाई आणि संरक्षण ह्या शब्दांत सांगितली जाऊ लागली. मेचनिकॉव्ह यांचे ओडेसातले विद्यार्थी वाल्देमार हाफकिन पुढे प्लेगच्या साथीत मुंबईला आले, १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी स्वतःच्या लशीची सुई आधी स्वतःलाच टोचून घेतली, आणि १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. प्लेगच्या काळात लढाईची भाषा शोभलीही असेल. शत्रू बाहेरचा होता, तो दिसत होता, त्याला नाव होतं.

अडचण झाली ती शत्रू बाहेरचा नसताना. शरीर स्वतःवरच विष सोडेल ही कल्पनाच पाउल एर्लिख यांना असह्य वाटली होती. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर त्यांनी त्या असह्यतेला लॅटिन नाव दिलं, ‘हॉरर ऑटोटॉक्सिकस’. १९०८ चं नोबेल मेचनिकॉव्ह आणि एर्लिख यांना विभागून मिळालं. पुढे कळलं की अशी विषं शरीर सोडतं. मग लढाईच्या भाषेत ह्या घटनेला एकच शब्द उरला: फितुरी. ‘आपलेच सैनिक आपल्यावर उलटतात’ हे वाक्य मी मराठीत इतक्या ठिकाणी वाचलं आहे की ते पहिल्यांदा कोणी लिहिलं ते शोधण्यात अर्थ नाही. लिहिणाऱ्याला ते फार सोपं आणि चपखल वाटतं. ऐकणारीला काय वाटतं? निदान झालं त्या दिवशी शहरातल्या एका डॉक्टरांनी वहिनीला हेच वाक्य सांगितलं. ते समजावून सांगत होते, वाईट हेतूने नव्हे. परतीच्या गाडीत ती खिडकीशी गप्प बसली होती आणि अमानवाडीच्या पुढे कधीतरी तिने दादाला विचारलं, “म्हंजे मीच माह्या जिवावर उठली काय?”

फितुरीला कारण लागतं. तिने ते वर्षभर स्वतःत शोधलं.

आता ज्या संशोधनाने ह्या दोन्ही प्रतिमा माझ्यापुरत्या मोडीत काढल्या त्याकडे येतो. ते आहे पेशीच्या सांगाड्याबद्दलचं. इथेही आधी शब्दापाशीच थांबावं लागतं. विश्वकोशाच्या जुन्या खंडांत ‘कोशिका’, शाळेच्या पुस्तकांत ‘पेशी’. पेशी म्हणताना आपल्याकडच्या माणसाला आधी कोर्टातली पेशी आठवते. ‘आज वाशिमले पेशी हाये’ म्हणजे तारीख आहे, हजर व्हायचं आहे. ह्या योगायोगाचा उपयोग पुढे होईल. ‘सांगाडा’ हा शब्द ‘सायटोस्केलेटन’चा. तोही विज्ञानात आयता आला: पाउल व्हँत्रेबेर ह्या फ्रेंच भ्रूणशास्त्रज्ञाने १९३१ मध्ये तो वापरला. सांगाडा म्हटलं की हाडं आली, आणि हाडं म्हणजे मेल्यावरही उरणारं, न हलणारं. पेशीतला सांगाडा नेमका उलट आहे. तो तीन तऱ्हेच्या धाग्यांचा असतो. सर्वांत बारीक अ‍ॅक्टिनचे, जाडी सुमारे ७ नॅनोमीटर. मध्यम धागे १० नॅनोमीटरचे. आणि मायक्रोट्युब्यूल नावाच्या पोकळ नळ्या २५ नॅनोमीटरच्या. अ‍ॅक्टिन पहिल्यांदा हाती लागलं ते स्नायूतून, हंगेरीतल्या सेगेड इथे सेंट-ग्यॉर्गी यांच्या प्रयोगशाळेत ब्रुनो श्ट्राउब यांनी १९४२ मध्ये वेगळं केलं. ते फक्त स्नायूंत नसून जवळजवळ सगळ्याच पेशींत आहे हे कळायला आणखी पंचवीस-तीस वर्षं जावी लागली.

अ‍ॅक्टिनचा धागा एका टोकाला जोडला जातो आणि दुसऱ्या टोकाला सुटत राहतो. सरकत्या पेशीच्या पुढच्या कडेला तर सेकंदा-मिनिटांच्या हिशेबाने. पेशी पुढे सरकते ती ह्या बांधण्या-सोडण्याच्या जोरावर. हा सांगाडा नव्हे, मांडव आहे. लग्नाच्या आदल्या दिवशी भावकी जमते, मेढी रोवल्या जातात, जांभळीच्या डहाळ्या टाकल्या जातात, आणि दोन दिवसांनी त्याच मेढी दुसऱ्याच्या दारात उभ्या असतात. अर्थात मांडवाला सांगणारा कोणी म्हातारा असतो, पेशीत तसा कोणी नाही. तिथे बाहेरून खूण येते आणि प्रथिनं एकमेकांना निरोप देत धागा वाढवतात. माझी प्रतिमाही तेवढ्यापुरतीच खरी.

पण ह्या मांडवाचा रोगाशी संबंध काय?

१९३७ मध्ये म्युनिकचे बालरोगतज्ज्ञ आल्फ्रेड विस्कॉट यांनी तीन भावांची हकिकत छापली. तिघांनाही रक्तातल्या बिंबिका कमी, रक्ताची हगवण, अंगावर इसब आणि सारखे कान फुटणं. बहिणी धडधाकट. १९५४ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट ऑल्ड्रिच यांनी मूळच्या डच कुटुंबातली अशीच पिढ्यांची हकिकत मांडली आणि हा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो हे दाखवलं. दोघंही दवाखाना चालवणारे डॉक्टर. त्यांच्या नावाने ह्या आजाराला विस्कॉट-ऑल्ड्रिच म्हणतात. तो दहा लाख मुलग्यांमागे एकापासून दहापर्यंत इतका दुर्मीळ आहे. १९९४ मध्ये डेरी, ओक्स आणि फ्रांके यांनी त्याचं जनुक शोधलं. त्या जनुकाचं प्रथिन ५०२ अमिनो आम्लांचं, आणि त्याचं काम एकच: खूण आली की अ‍ॅक्टिनच्या धाग्याला नवी फांदी फोडायला लावणं. मांडवाला मेढ लावणारा हात, तोही फक्त रक्ताच्या पेशींतला.

ह्या मुलांना जंतुसंसर्ग वारंवार होतात, शक्तीच्या भाषेत त्यांची प्रतिकारशक्ती ‘कमी’ आहे. आणि ह्याच मुलांपैकी मोठ्या संख्येला, वेगवेगळ्या नोंदींत चाळीस टक्क्यांपासून सत्तर टक्क्यांपर्यंत, स्वतःच्याच रक्तपेशींविरुद्ध, सांध्यांविरुद्ध, रक्तवाहिन्यांविरुद्ध प्रतिक्रिया उठते. शक्तीच्या भाषेत ती ‘जास्त’ आहे. एकाच मुलात, एकाच वेळी, एकाच प्रथिनाच्या अभावाने. हिशेबाच्या वहीत हे कुठल्या रकान्यात मांडायचं? कमीत की जास्तीत? मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्यासमोर वहिनीची ती पेन्सिलीची रेघ आली. शक्तीचा हिशेब इथे मोडतो, आणि तो दुर्मीळ आजारात मोडतो म्हणून सोडून देता येत नाही, कारण हिशेबाची रीतच चुकीची असल्याचा हा पुरावा आहे.

मग बरोबर रीत कोणती? इथे कोर्टातली पेशी कामाला येते. टी पेशी जंतूला थेट पाहत नाही. दुसरी एक पेशी त्या जंतूचा तुकडा आपल्या अंगावर मांडून तिच्यापुढे हजर करते. पेश करते म्हणा. दोघी एकमेकींना चिकटतात, मध्ये एक गोल सांधा तयार होतो, आणि त्या सांध्यात टी पेशीचं अ‍ॅक्टिन कडेकडून मध्याकडे वाहत राहतं, आपल्याबरोबर संवेदकांना ओढत. सुनावणी चालते ती ह्या स्पर्शात. निर्णय बळावर नव्हे, तर सांधा किती नीट बसला आणि किती वेळ टिकला यावर ठरतो. विस्कॉट-ऑल्ड्रिचच्या मुलांच्या लसिका पेशी १९८० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या तेव्हा त्यांच्या पृष्ठभागावरची केसांसारखी बोटं विरळ आणि आखूड दिसली. अनोळखी माणसाला चाचपून पाहणारी बोटंच नाहीत. अशी पेशी जंतूला ओळखायला चुकते आणि आपल्या माणसालाही.

नियामक टी पेशी म्हणून एक वर्ग आहे, इतर पेशींना आवर घालणारा. २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल ब्रंको, रॅम्सडेल आणि साकागुची यांना ह्याच शोधासाठी मिळालं. नोबेल समितीच्या पत्रकातही ह्या पेशींना सुरक्षारक्षकच म्हटलं, म्हणजे लढाई काही सुटत नाही! २००७ मध्ये एकाहून अधिक प्रयोगशाळांनी दाखवून दिलं की विस्कॉट-ऑल्ड्रिचमध्ये ह्या आवर घालणाऱ्या पेशी असतात, पण काम धड करत नाहीत. पण मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो लंडनमधल्या ट्रेनर आणि बतिस्ता यांच्या गटाने २०१० मध्ये दाखवलेला भाग. प्रतिपिंड तयार करणाऱ्या बी पेशीच्या आवरणाखाली अ‍ॅक्टिनचं जाळं कुंपणासारखं असतं. ते संवेदकांना मोकाट फिरू देत नाही. औषधाने ते कुंपण मोडलं की समोर शत्रू नसतानाही पेशीत खळबळ सुरू होते. सांगाडा जोर देतो ही आपली समजूत. इथे तो धरून ठेवतो आहे. पुढच्याच वर्षी, २०११ मध्ये, सिएटलचे डॉक्टर-संशोधक डेव्हिड रॉलिंग्ज यांच्या गटाने उंदरांत दाखवलं की हे प्रथिन फक्त बी पेशींतून गेलं तरी त्या अतिउतावीळ होतात आणि स्वतःविरुद्धची प्रतिपिंडं बनू लागतात.

‘उतावीळ’ हा शब्द माझा. इंग्रजी निबंधांत तिथे जो शब्द आहे त्याचं भाषांतर ‘अतिप्रतिसादी’ असं होतं. ते कोणत्याही कोशात शोभेल आणि कोणत्याही ओसरीवर मरून पडेल.

ह्या संशोधनाचा आपल्याकडचा पत्ताही परळचाच आहे, हाफकिनपासून हाकेच्या अंतरावर. केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या बहुमजली इमारतीच्या तेराव्या मजल्यावर नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी आहे. १९५२ मध्ये ज्या केईएममध्ये डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे’ रक्तगट शोधला, त्या परंपरेतून १९५७ मध्ये निघालेल्या रक्तगट केंद्राची ही पुढची वाढ. डॉ. मनीषा मडकईकर ह्या संस्थेच्या संचालक होत्या. जन्मजात प्रतिकारदोष असलेली मुलं भारतात शोधून काढण्याचं काम ज्यांनी चिकाटीने केलं त्यांतलं हे एक ठळक नाव. रक्ताच्या नमुन्यातल्या पेशी एकेक करून लेझरसमोरून पळवायच्या आणि त्यांत अमुक प्रथिन आहे की नाही हे काही तासांत सांगायचं, अशी ती पद्धत, फ्लो सायटोमेट्री. विस्कॉट-ऑल्ड्रिचचं प्रथिनही असंच पाहता येतं. ह्या गटाने पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटूच शकत नाहीत अशा मुलांच्याही हकिकती नोंदवल्या आहेत. स्पर्शाचाच आजार तोही. २०२१ मध्ये देशातल्या अनेक केंद्रांनी मिळून विस्कॉट-ऑल्ड्रिचच्या शंभराहून अधिक भारतीय मुलांची माहिती प्रसिद्ध केली. त्याआधी ही मुलं कुठे होती? ‘अंगात शक्ती नाही’ ह्या वाक्याखाली गाडलेली होती, असं म्हटलं तर ते फार अतिशयोक्त होणार नाही.

पण ह्या कामाबद्दल मराठीत जे येतं त्याबद्दल माझी तक्रार आहे. बातमी येते ती ‘दुर्मीळ आजाराचं निदान आता मुंबईत’ अशी. यंत्राची किंमत येते, मजला येतो. पेशी पेशीला हात लावून पाहते आणि चुकते, ही सबंध कल्पना कोणी सांगत नाही. अस्थिमज्जा बदलून हा आजार बरा करण्याचा पहिला प्रयत्न १९६८ मध्ये झाला आणि २०१३ मध्ये मिलानच्या डॉक्टरांनी दुरुस्त जनुक घालून तीन मुलं सुधारल्याचं कळवलं, हे पण ‘विजय’ म्हणूनच आपल्यापर्यंत पोचतं. त्याआधी २०१० च्या जर्मन प्रयत्नात पहिल्यांदा आनंदाची बातमी आली आणि पुढे त्यांतल्या बऱ्याच मुलांना रक्ताचा कर्करोग झाला, हे विजयाच्या भाषेत बसत नाही, म्हणून ते गळतं.

वहिनीच्या आजाराशी ह्याचा थेट संबंध आहे का? तिला विस्कॉट-ऑल्ड्रिच नाही, असणारही नाही. ल्युपसची कारणं अनेक आणि गुंतागुंतीची. तरी बोस्टनचे डॉक्टर-संशोधक जॉर्ज सोकॉस यांच्या गटाने २००७ च्या आसपास दाखवलेली एक गोष्ट मला तिच्यासमोर ठेवावीशी वाटली. पेशीचं आवरण आतल्या अ‍ॅक्टिनला बांधून ठेवणारी काही प्रथिनं असतात, मांडवाच्या सुतळ्या म्हणा. ल्युपसच्या रुग्णांच्या टी पेशींत ह्या सुतळ्या अवाजवी ताणलेल्या, सतत ‘चालू’ अवस्थेत आढळल्या. अशा पेशी जास्त चिकटतात, जास्त सरकतात, आणि तशाच पेशी ल्युपसने बिघडलेल्या मूत्रपिंडाच्या ऊतीतही सापडल्या. म्हणजे वहिनीच्या पायांवरची सूज ही फितुरी नव्हती. नको तिथे जाऊन चिकटणं होतं.

उलट बाजूही सांगायला हवी. काही स्वयंप्रतिकारी आजारांत सांगाडाच निशाण्यावर असतो. यकृताच्या एका आजारात अ‍ॅक्टिनविरुद्धची प्रतिपिंडं तपासून निदानाला आधार घेतात. संधिवातात व्हायमेंटिन ह्या मध्यम धाग्याच्या बदललेल्या रूपाविरुद्धची प्रतिपिंडं आढळतात. तिथे ती कारण आहेत की खूण, यावर वाद आहे. मी सगळं एका धाग्यात ओवायला निघालो नाही.

आणि एक आमच्या कुंपणावरचं. श्रावण-भाद्रपदात इथल्या बांधांवर, ओढ्याच्या काठी कळलावी फुलते. पाकळ्या आधी हिरवट-पिवळ्या, मग टोकाकडून लाल, ज्वाळेसारख्या वर वळलेल्या. कंद भयंकर विषारी, शेळीसुद्धा तोंड लावत नाही, आणि कोणी घरगुती औषध म्हणून त्याच्या वाटेला जाऊ नये. जुन्या काळी अडलेल्या बाईला कळा आणण्यासाठी तो वापरत, म्हणून कळ लावणारी ती कळलावी. भांडणं लावणाऱ्याला आपण कळलाव्या म्हणतो. ह्या कंदात आणि बियांत कोल्चिसिन असतं. ते मायक्रोट्युब्यूलच्या विटांना जाऊन चिकटतं आणि नळी उभीच राहू देत नाही. मग पांढऱ्या पेशींची धावाधाव मंदावते, आणि म्हणून गाउटच्या सांधेदुखीत, शिवाय वारंवार उसळणाऱ्या एका आनुवंशिक तापात, डॉक्टर ते अत्यंत मोजून देतात. कळ लावणाऱ्या झाडातून कळ थांबवणारं औषध! ते प्रतिकारशक्ती वाढवतं की कमी करतं? प्रश्नच चुकीचा आहे. ते मांडव उभारू देत नाही, एवढंच. ह्या झाडाला नाव ठेवणाऱ्या माणसाने झाड काय करतं ते पाहिलं आणि क्रियापद वापरलं. ‘शक्ती’ हे नाव आहे. नाव ठेवलं की वस्तू होते, वस्तू झाली की तिचं माप होतं.

पर्यायी परिभाषा सुचवण्याचा मोह मला झाला. दोन-तीन शब्द करूनही पाहिले, ‘प्रतिकारविवेक’ वगैरे. ते सगळे संस्कृतच्या कपाटातले निघाले, आणि विवेक म्हटलं की पुन्हा पेशीला शहाणपण चिकटवलं जातं, मग तो चुकला की दोष. ते कागद फाडले.

सूज आल्यावर तिला पुन्हा शहरात नेलं, लघवीत प्रथिनं जात होती, मूत्रपिंडाचा बारीक तुकडा काढून तपासला, आणि मायकोफेनोलेट नावाची नवी गोळी सुरू झाली. ह्या वेळी माहितीपत्रक मी आधीच काढून घेतलं होतं. संध्याकाळी तिच्यासमोर बसून मी सांगितलं ते असं: तुझ्या अंगात काही पेशी आहेत, त्या दुसऱ्या पेशींना हात लावून पाहतात, ही आपली की परकी. तुझ्या पेशी नीट पाहायच्या आधीच निकाल देऊन टाकतात, आणि मग भराभर वाढतात. ही गोळी त्यांना लवकर लवकर वाढू देत नाही. तिने गोळी हातात उलटसुलट करून पाहिली.

“म्हंजे घाई कमी कराची गोयी,” ती म्हणाली.

मी म्हटलं, जवळजवळ तसंच. शास्त्रीयदृष्ट्या ते अपुरं आहे: ही गोळी पेशीच्या वाढीला लागणारा कच्चा माल अडवते, सुनावणीत तिचा हात नाही, आणि ती घेताना जंतुसंसर्गाला जपावं लागतं हे ‘घाई’ शब्दातून कळत नाही. ते मी वेगळं सांगितलं. ताप आला तर थांबायचं नाही, त्याच दिवशी फोन करायचा. ते तिने पाठ केलं. काढ्याचा डबा मात्र मी उचलून आमच्या घरी आणला, त्यावर ती दोन दिवस रुसली होती.

आता तपासणी दर तीन महिन्यांनी असते. प्रथिनं अजून जातात, पूर्वीपेक्षा कमी. त्या माहितीपत्रकाची मी नव्याने लिहिलेली प्रत, एका पानाची, मोठ्या अक्षरांत, त्या दवाखान्याला पाठवून सात महिने झाले. उत्तर नाही. शहरातल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तिच्या झेरॉक्स काढून टेबलावर ठेवल्यात असं दादा सांगत होता. त्यांनी त्यातला ‘पेश करते’ हा शब्द खोडून ‘दाखवते’ केलाय म्हणे. पुढच्या वेळी वहिनीबरोबर मीच जाणार आहे, का खोडला ते विचारायला.